मागच्या जन्मीचं गाणं

घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मग एक शांत, भारदस्त आवाज समोरच्या माणसाला अंग सैल सोडायला सांगतो, डोळे मिटायला सांगतो आणि दहापासून उलटे आकडे मोजू लागतो. आकडे संपता संपता साध्या अकूस्टिक गिटारच्या तारा छेडल्या जातात आणि कुणीतरी हलक्या आवाजात गाऊ लागतं. ड्रम नाहीत, इलेक्ट्रिक गिटारची गुरगुर नाही. मेटल म्हणजे कानठळ्या बसवणारा गोंगाट, एवढीच ओळख असलेल्या माणसाला वाटावं, आपण भलतीच सीडी लावली. दोन मिनिटं सहा सेकंद हे असंच चालतं. मग ड्रमचा घाव पडतो आणि त्याच्याबरोबर एक सुरावट येते. ती इथे पहिल्यांदाच येत असते, तरीही काही श्रोत्यांना ती ओळखीची वाटते.

‘मेट्रोपोलिस पार्ट २: सीन्स फ्रॉम अ मेमरी’ हा ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडचा पाचवा स्टुडिओ अल्बम. एलेक्ट्रा कंपनीने तो २६ ऑक्टोबर १९९९ रोजी बाजारात आणला. लांबी ७७ मिनिटं, म्हणजे एका सीडीत मावेल तेवढं जवळजवळ सगळं. बारा गाणी, पण पाकिटावर त्यांची मांडणी गाण्यांसारखी नाही, नाटकासारखी आहे: दोन अंक, नऊ प्रवेश. मुखपृष्ठ डेव्ह मॅकीन या चित्रकाराचं, लहान लहान छायाचित्रांच्या तुकड्यांतून जुळत आलेला एक माणसाचा चेहरा. अल्बम ऐकून झाल्यावर ते मुखपृष्ठ पुन्हा पाहावं. आत संगीतात जे घडतं, तेच त्या चेहऱ्यात आहे.

नावात ‘पार्ट २’ आहे, तेव्हा पार्ट १ कुठला, हा प्रश्न येणारच.

त्यासाठी १९९२ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी बँडचा दुसरा अल्बम ‘इमेजेस अँड वर्ड्स’ आला. त्यातलं ‘पुल मी अंडर’ हे आठ मिनिटांचं गाणं रेडिओवर आणि एमटीव्हीवर गाजलं. त्याच अल्बममध्ये साडेनऊ मिनिटांचं आणखी एक गाणं होतं, ‘मेट्रोपोलिस, पार्ट १: द मिरॅकल अँड द स्लीपर’. शब्द धूसर, स्वप्नातल्यासारखे. त्यातला ‘चमत्कार’ कोण आणि ‘झोपलेला’ कोण, याचा नीट उलगडा होत नाही. मधोमध मात्र वाद्यांची अशी काही झुंज लागते, की गिटार शिकणारी पोरं त्यावर महिने घालवत. नावातलं ‘पार्ट १’ हे गिटारवादक जॉन पेट्रुचीने गंमत म्हणून जोडलेलं होतं. दुसरा भाग लिहायचा कुणाच्या मनातही नव्हता.

श्रोत्यांनी ते शब्द मनावर घेतले. जिथे जिथे बँड वाजवायला जाई, तिथे तिथे विचारणा होई: दुसरा भाग कधी? गमतीत टाकलेल्या दोन शब्दांचं ऋण होऊन बसलं. ते फेडायला सात वर्षं लागली आणि फेडण्याची वेळ आली तेव्हा बँडचा जीव टांगणीला लागलेला होता.

ही मंडळी मुळात शिकलेली, रियाजी. पेट्रुची आणि बेसवादक जॉन मायंग हे लाँग आयलंडवरचे बालमित्र. १९८५ मध्ये दोघंही बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात गेले आणि तिथे त्यांना ड्रमर माइक पोर्टनॉय भेटला. आधी बँडचं नाव ‘मॅजेस्टी’ होतं. त्या नावावर दुसऱ्या एका बँडने हक्क सांगितला, तेव्हा पोर्टनॉयच्या वडिलांनी नवं नाव सुचवलं. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावात ‘ड्रीम थिएटर’ नावाचं एक चित्रपटगृह होतं. थिएटरचं नाव घेऊन निघालेल्या या मुलांनी पुढे अंक आणि प्रवेश पाडून अल्बम लिहावा, यात काही योजना नव्हती. पण ते नाव त्यांना या अल्बमइतकं दुसऱ्या कुठेच शोभलं नाही.

१९९७ चा ‘फॉलिंग इनटू इन्फिनिटी’ हा त्यांच्या खडतर काळाचा अल्बम. दोन सीडी भरतील एवढं साहित्य तयार होतं. कंपनीला एकच हवी होती, आणि रेडिओवर चालतील अशी आटोपशीर गाणी हवी होती. एका गाण्याची डागडुजी करायला डेस्मंड चाइल्ड हा हिट गाणी लिहिणारा गीतकार आणला गेला. त्याच सुमारास बँडने ‘मेट्रोपोलिस’च्या दुसऱ्या भागाचा वीस-एकवीस मिनिटांचा वाद्यसंगीताचा कच्चा आराखडा ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. तो अल्बममध्ये गेलाच नाही. अल्बम वाईट नाही, पण त्यात बँड दुसऱ्याच्या घरात पाहुण्यासारखा अंग चोरून बसलेला वाटतो. पोर्टनॉय तर बँड सोडण्याच्या विचाराला आला होता.

त्यातून वाट निघाली ती एका बाजूच्या पायवाटेने. पोर्टनॉय आणि पेट्रुची यांनी बेसवादक टोनी लेव्हिन आणि की-बोर्डवादक जॉर्डन रुडेस यांना घेऊन ‘लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट’ या नावाने निव्वळ वाद्यसंगीताचे दोन अल्बम केले. खोलीत बसायचं, वाजवायला लागायचं, जे हाताला लागेल ते पकडायचं, अशी ती पद्धत. रुडेस नवव्या वर्षी जुलियर्डमध्ये शास्त्रीय पियानो शिकायला गेलेला माणूस. त्याची बोटं आणि पेट्रुचीची बोटं एकाच वेगाने, एकाच स्वरावर जोडीने धावू लागली, तेव्हा दोघांनाही कळलं असणार की याला मुख्य बँडमध्येच आणायला हवं. डेरेक शेरिनियनच्या जागी रुडेस आला. या अल्बमवर तो पहिल्यांदा ड्रीम थिएटरचा वादक म्हणून वाजवतो, आणि नव्या माणसाचा उत्साह पानोपानी दिसतो.

कंपनीनेही या वेळी हात मोकळे सोडले. निर्मितीची सूत्रं पोर्टनॉय आणि पेट्रुची यांनी स्वतःकडे घेतली. ध्वनिमुद्रणासाठी ते न्यूयॉर्क राज्यातल्या सफर्न गावच्या बेअरट्रॅक्स स्टुडिओत गेले. इथेच १९९१ च्या अखेरीस ‘इमेजेस अँड वर्ड्स’ घडला होता. पहिल्या भागाची जन्मखोली हीच. ‘पूर्वजन्मात परत जाणं’ हा विषय घेऊन बसलेली माणसं त्याच खोलीत परतावीत, ही गोष्ट कथेहून कमी सुंदर नाही.

आता कथा. निकोलस नावाच्या आजच्या काळातल्या माणसाला एका अनोळखी मुलीची आणि एका घराची स्वप्नं पडतात. तो संमोहनतज्ज्ञाकडे जातो. संमोहनात त्याला व्हिक्टोरिया पेज दिसते, १९२८ मध्ये खून झालेली तरुणी. हळूहळू त्याला उमगतं की मागच्या जन्मी आपणच व्हिक्टोरिया होतो. तिच्या आयुष्यात दोन भाऊ होते. ज्युलियन जुगाराच्या आणि नशेच्या आहारी गेलेला. तोच जुन्या गाण्यातला ‘स्लीपर’. एडवर्ड सिनेटर, तो ‘मिरॅकल’. ज्युलियनच्या व्यसनांना कंटाळून व्हिक्टोरिया एडवर्डकडे झुकते आणि मग पुन्हा ज्युलियनकडे परतू पाहते. वर्तमानपत्रातली बातमी सांगते की ज्युलियनने तिला मारलं आणि मग स्वतःला संपवलं. एक साक्षीदारही तसंच सांगतो. शेवटी कळतं की दोघांनाही एडवर्डनेच मारलं आणि साक्षीदारही तोच बनला.

पुनर्जन्माची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. ‘मधुमती’पासून हिंदी पडद्याने ती किती वेळा दाखवली! १९९० च्या दशकातल्या अमेरिकन मेटलमध्ये मात्र ती वेगळी होती, आणि केनेथ ब्रानाचा ‘डेड अगेन’ हा १९९१ चा चित्रपट बँडच्या डोक्यात होता. स्पष्टच सांगायचं तर, कथा म्हणून हा मसाला जुना आहे. दोन भाऊ, एक मुलगी, खोटा साक्षीदार. कागदावर लिहून काढली तर रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकाच्या दुकानात शोभेल. द हू या बँडचा ‘टॉमी’ (१९६९), जेनेसिसचा ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ (१९७४), पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’ (१९७९), क्वीन्सरिकचा ‘ऑपरेशन: माइंडक्राइम’ (१९८८) या कथासूत्री अल्बमांच्या रांगेत हा बसतो, पण त्यांच्यातल्या उत्तमांकडे जे सामाजिक किंवा मानसिक खोदकाम आहे ते इथल्या शब्दांत नाही.

ते इथल्या सुरांत आहे. आणि म्हणून हा अल्बम टिकला.

निकोलसला जे होतं, तेच ऐकणाऱ्याला होतं. आधी ओळख पटते, अर्थ नंतर कळतो. ‘ओव्हर्चर १९२८’ हा पहिला वाद्यांचा तुकडा सुरू झाला, की १९९२ चं गाणं ठाऊक असलेल्या माणसाच्या पोटात काहीतरी हलतं: ही सुरावट आपण ऐकली आहे, पण ती इथे कशी? पुढच्या साडेतीन मिनिटांत अल्बममधल्या अनेक मुख्य सुरावटी डोकावून जातात. त्या क्षणी त्यांचा काहीच अर्थ नसतो. नाटक अजून घडायचं असतं. मग एकेक प्रवेश उलगडतो आणि एकेक सुरावट आपलं नाव सांगते. दुसऱ्यांदा अल्बम लावला की हाच तुकडा वेगळा ऐकू येतो, कारण आता श्रोत्याला सगळं आठवत असतं. एकच ध्वनिमुद्रण पहिल्या ऐकण्यात भाकीत असतं आणि दुसऱ्या ऐकण्यात आठवण. हे शब्दांना साधणं कठीण. पूर्वजन्म मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या, दोघांनाही इथे तो अनुभव मिळतो, तोही तर्काला काही विचारायच्या आत.

‘होम’ या जवळजवळ तेरा मिनिटांच्या प्रवेशात हे कौशल्य फार पुढे गेलं आहे. सुरुवात सतारीसारख्या झंकाराने होते, मागे गिटारचा जड रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा स्वरसमूह, धुमसत असतो. पहिलं कडवं ज्युलियनचं: व्यसन त्याला ओढून नेतंय. दुसरं एडवर्डचं: भावाच्या प्रेयसीची ओढ त्याला आवरत नाही. तिसरं निकोलसचं: भूतकाळाने त्याला पछाडलंय. चाल तिघांनाही एकच. जुगारी, विश्वासघातकी आणि शोध घेणारा, तिघांच्या तळाशी एकच आसक्ती आहे, हे शब्दांनी न सांगता चालीने सांगितलं आहे. मधूनच जुगारघरातल्या यंत्रांचे आवाज येतात, मधूनच १९९२ च्या गाण्याचे तुकडे सुरांसकट आणि शब्दांसकट वर येतात, जसं विहिरीत कधीकाळी पडलेलं भांडं गाळ उपसताना हाताला लागावं.

जेम्स लाब्री हा कॅनडाचा गायक. निकोलस, व्हिक्टोरिया, ज्युलियन, एडवर्ड, सगळ्यांची गाणी बहुतांशी तो एकटाच गातो आणि आवाज फारसा बदलत नाही. पुष्कळांना ही उणीव वाटते. कोण बोलतंय ते कळायला शब्दांची पुस्तिका हातात धरावी लागते. पण जरा थांबून विचार केला, तर निकोलसच व्हिक्टोरिया होता. मग तिचा गळा वेगळा कसा असेल? आणि हे सगळे जण शेवटी निकोलसच्या डोक्यातच तर बोलत आहेत. या गळ्यामागे आणखी एक गोष्ट आहे. १९९४ च्या अखेरीस क्यूबात अन्नविषबाधा होऊन झालेल्या उलट्यांत लाब्रीच्या स्वरतंतूंना गंभीर इजा झाली होती, आणि त्यातून बाहेर यायला त्याला वर्षानुवर्षं लागली. या अल्बमवर तो वरच्या पट्टीत जोर लावतो, तेव्हा तो जोर लावावा लागतोय हे कळतं. हळव्या जागांवर मात्र तो आवाज अगदी उघडा पडतो आणि तिथेच तो सगळ्यात जास्त भिडतो. शब्दही एकाच्या हातचे नाहीत: पेट्रुची आणि पोर्टनॉय यांनी बरेचसे लिहिले, ‘फेटल ट्रॅजेडी’ मायंगने लिहिलं, ‘वन लास्ट टाइम’ लाब्रीने. एका खुनाची हकिकत चार जण सांगत असावेत, तसं.

‘द डान्स ऑफ इटर्निटी’बद्दल सावकाश सांगायला हवं. हे नाव १९९२ च्या गाण्याच्या अखेरच्या शब्दांतून उचललं आहे. सव्वासहा मिनिटांच्या आत संपणारा हा निव्वळ वाद्यांचा तुकडा; यात तालमान शंभराहून अधिक वेळा बदलतं. म्हणजे सरासरी चार सेकंदही एक हिशेब टिकत नाही. आपल्याकडे रूपकाच्या सात मात्रा असोत की झपतालाच्या दहा, एकदा ताल धरला की आवर्तन पक्कं असतं. गायक-वादक त्या चौकटीत कितीही भटकला तरी सम जागेवरून हलत नाही, आणि तिच्यावर येऊन पडण्यातच श्रोत्याचा आनंद असतो. इथे सम स्वतःच जागा सोडते. हात पुढे करावा तर ती एक मात्रा अलीकडे आलेली, पुढच्या वेळी दीड मात्रा पलीकडे गेलेली. चारही वादक मात्र एकत्रच उतरतात, एकदाही न अडखळता. मध्येच रॅगटाइमचा पियानो येतो, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन गुत्त्यांतला, खेळकर, किंचित तिरपा. ऐकणारा आपसूक व्हिक्टोरियाच्या काळाकडे ओढला जातो आणि सावध होण्याआधीच पुढे फेकला जातो. मायंग एरवी अबोल. इथे तो बेसवर क्षणभरच, पण थक्क करणारी धाव घेऊन जातो.

या तुकड्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: ही कसरत आहे, संगीत नव्हे. ड्रीम थिएटरच्या इतर काही तुकड्यांबद्दल हा आक्षेप खरा आहे. ‘बियाँड धिस लाइफ’ या याच अल्बमातल्या अकरा मिनिटांच्या प्रवेशातही वादकांची धावाधाव कथेला सोडून लांब जाते, आणि तो भाग तीन मिनिटांनी कमी असता तर बिघडलं नसतं. पण ‘डान्स’ला हा आक्षेप लागू पडत नाही. संमोहनाखालचं मन असंच धावणार: एका आठवणीवर पाय ठेवावा तर ती सरकणार, दुसरीचा आधार घ्यावा तर तिसरीच उघडणार. जुन्या गाण्याच्या सुरावटींचे तुकडे यात उलटेपालटे होऊन येतात. इथे अस्थिर तालाला एक कारण आहे, आणि म्हणूनच इतका क्लिष्ट तुकडा श्रोत्यांच्या मनात बसला.

यानंतर दोन पावलांवर ‘द स्पिरिट कॅरीज ऑन’ येतं. इतक्या धावाधावीनंतर हे गाणं म्हणजे ओसरीवर टेकल्यासारखं आहे. चाल इतकी सोपी की लहान मूलही म्हणेल. थेरेसा थॉमसन आणि तिच्यासोबतचा गॉस्पेल गायकवृंद गाण्याला चर्चमधल्या प्रार्थनेच्या पातळीवर नेतो. पेट्रुचीची गिटार तिथे एकाही स्वराची उधळपट्टी करत नाही. मृत्यूनंतर काही उरतं, असा दिलासा निकोलसला मिळतो. लक्ष देऊन ऐकलं तर कळतं, ही चाल नवी नाही. अल्बमच्या पहिल्या दोन मिनिटांत, घड्याळाच्या टिकटिकीनंतर अकूस्टिक गिटारवर जे हलकंसं गायलं गेलं, त्याच सुरांचा हा वटवृक्ष. बीज तिथे होतं. तासाभराने त्याची सावली मिळते.

नाटक इथे संपत नाही. ‘फायनली फ्री’मध्ये १९२८ ची रात्र पुन्हा घडते, गोळ्यांचे आवाज ऐकू येतात, खरं काय ते उघड होतं. दिलाशाचे सूर आता रक्ताने माखून परत येतात. मग आजचा काळ: निकोलस गाडीने घरी येतो, टीव्हीवर बातम्या चालू असतात, तो पेल्यात पेय ओततो, रेकॉर्ड लावतो. मागून आणखी एक गाडी येऊन थांबते. ज्या आवाजाने सुरुवातीला त्याला डोळे मिटायला लावले होते, तोच आवाज आता घरात येऊन त्याला डोळे उघडायला सांगतो. निकोलस दचकतो, आणि पुढे ऐकू येते ती फक्त रेकॉर्डवर अडकलेल्या सुईची खरखर. संमोहनतज्ज्ञ हाच एडवर्डचा पुढचा जन्म, हे अल्बम तोंडाने सांगत नाही. ते बँडने पुढे मैफलीच्या चित्रीकरणात दाखवून दिलं. दाखवलं नसतं तर बरं झालं असतं. खरखर पुरेशी होती.

त्या अखेरच्या आवाजांआधीची दोन-एक मिनिटं ड्रमसाठी ऐकावीत. बाकी सगळे एकच रिफ पुन्हा पुन्हा वाजवत राहतात आणि पोर्टनॉय त्यावर मोकाट सुटतो. एकल तबलावादनात पेटीवर लेहरा चालू असतो आणि तबलजी त्यावर मनातलं सगळं मांडतो, तसं. लेहरा स्थिर आहे म्हणूनच तबला उधळू शकतो. दोन वर्षांपूर्वी बँड सोडायला निघालेला माणूस इथे वाजवतोय, हे ठाऊक असलं की गाण्याच्या नावाला आणखी एक अर्थ मिळतो.

ती खरखर तिथे थांबली नाही. २००२ चा अल्बम ‘सिक्स डिग्रीज ऑफ इनर टर्ब्युलन्स’ सुरू होतो तो त्याच खरखरीने. तो जिथे संपतो, त्या स्वरांवर २००३ चा ‘ट्रेन ऑफ थॉट’ उघडतो. त्याच्या शेवटच्या स्वरावर २००५ चा ‘ऑक्टेव्हेरियम’ सुरू होतो, आणि ‘ऑक्टेव्हेरियम’ स्वतः ज्या स्वरावर सुरू झाला त्याच स्वरावर येऊन संपतो. निकोलसच्या घरातली सुई सहा वर्षं फिरत राहिली, असं म्हणायला हरकत नाही.

३० ऑगस्ट २००० रोजी न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममध्ये बँडने हा अल्बम अथपासून इतिपर्यंत वाजवला. संमोहनतज्ज्ञाच्या भूमिकेत मंचावर नट होता, थेरेसा थॉमसन होती, गॉस्पेल गायकवृंद होता. त्या रात्रीच्या तीन सीडींचा संच ‘लाइव्ह सीन्स फ्रॉम न्यूयॉर्क’ या नावाने निघाला. ‘इमेजेस अँड वर्ड्स’च्या मुखपृष्ठावर एक जळतं हृदय होतं, त्याच्या जागी आता न्यूयॉर्कचं लाडकं प्रतीक म्हणून सफरचंद आलं, आणि त्यावर ज्वाळांमध्ये उभी शहराची क्षितिजरेषा, जुळ्या मनोऱ्यांसकट. संच दुकानांत आला तो दिवस ११ सप्टेंबर २००१. कंपनीने तो तातडीने परत मागवला आणि नव्या मुखपृष्ठानिशी पुन्हा काढला. चित्र काढणाऱ्याच्या मनात जुन्या मुखपृष्ठाची आठवण होती, एवढंच. तो ज्या शहरावर प्रेमाने ज्वाळा रंगवत होता, त्या शहरातले लोक त्या दिवशी धुळीने माखून पुलांवरून चालत घरी जात होते. आधी निघून गेलेल्या काही प्रती संग्राहकांकडे आहेत. त्या हातात घेणाऱ्याला आजही काही क्षण बोलवत नाही.

रोझलँड २०१४ मध्ये बंद झालं, पुढे पाडलं गेलं. पोर्टनॉय २०१० मध्ये बँडमधून गेला. अल्बमला वीस वर्षं झाली म्हणून २०१९ पासून बँडने तो पुन्हा गावोगाव पूर्ण वाजवला, तेव्हा ड्रमवर माइक मँजिनी होता. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलोमध्ये झालेलं त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ‘फायनली फ्री’च्या अखेरीस तोच लेहरा चालू राहतो आणि त्यावर दुसऱ्याचे हात बोलतात, पोर्टनॉयचे बोल ठाऊक असणारा श्रोता दोन्ही एकाच वेळी ऐकतो, एक कानाने आणि एक आठवणीने. ऑक्टोबर २०२३ मध्ये पोर्टनॉय परत आला.

रोझलँडच्या त्या रात्रीच्या क्रमात एक छोटी गोष्ट आहे. ‘फायनली फ्री’ संपलं, म्हणजे दुसरा भाग संपूर्ण झाला, आणि त्यानंतर बँडने ‘मेट्रोपोलिस, पार्ट १’ वाजवायला घेतलं. भाग दुसरा आधी, पहिला नंतर. आज या अल्बमकडे येणारी विशी-पंचविशीतली मुलं बहुधा याच क्रमाने येतात. १९९९ चा अल्बम पन्नासदा ऐकून झालेला असतो, आणि मग कधीतरी रात्री १९९२ चं ते साडेनऊ मिनिटांचं गाणं हेडफोनमध्ये लागतं. धूसर शब्द, ‘चमत्कार’, ‘झोपलेला’. लाब्रीचा तरणा, इजा व्हायच्या आधीचा आवाज. आणि मधली वाद्यांची झुंज सुरू झाली, की त्यांना सतारीचा झंकार, जुगाराची यंत्रं, रॅगटाइमचा पियानो, गोळ्यांचे आवाज सगळं ऐकू येऊ लागतं. यातलं काहीही त्या गाण्यात नाही.